ज्याचं कुलूप त्यानंच काढावं

"चार पंखे पुसायला अख्ख्या घराची वीज बंद करायची?" काकूंनी विचारलं. त्यांच्या हातात ओला फडका होता आणि स्टूल आधीच पंख्याखाली आणून ठेवलेलं होतं.

"मेन बंद करायचा, त्याला आपलं कुलूप घालायचं, किल्ली गळ्यात अडकवायची आणि मग स्टुलावर चढायचं," कुलूपकाका बुटाची नाडी बांधता बांधता म्हणाले.

"नुसतं बटण बंद केलं तर नाही का चालणार?"

झालं! नेमका नको तो शब्द तोंडातून गेला. काका नाडी तशीच सोडून ताठ उभे राहिले. "कायद्यात 'चालेल' असा शब्द नाही," ते म्हणाले, आणि तेही अशा आवाजात की आतल्या खोलीत पेपर वाचणाऱ्या त्यांच्या वडिलांनी, म्हणजे नानांनी, पेपर खाली ठेवला. "चालेल म्हणणाऱ्यांनीच माणसं मारली आहेत."

"पंखा पुसून?"

"हो, पंखा पुसूनसुद्धा!"

"निघा तुम्ही," काकू म्हणाल्या. "लावते कुलूप. अख्खं आयुष्य कुलूप लावूनच चाललंय माझं."

काका रागारागाने दाराजवळच्या फळीवरचं लाल कुलूप उचलून निघाले. त्या फळीवर दोन लाल कुलपं होती. एक काकांचं, एक काकूंचं. आदल्या दिवशी सुट्टी होती, म्हणून काकांनी दोन्हींना तेल दिलं होतं आणि शेजारी शेजारी ठेवली होती. ही गोष्ट तेव्हा कुणाच्या लक्षात आली असती तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण भांडून बाहेर पडणारा माणूस फळीकडे बघत नाही, दाराकडे बघतो.

आता हे कुलूपकाका कोण, ते सांगायला हवं. एका मोठ्या बेकरीत ते विजेचं काम बघत. कामगार काम करतात त्या जागी विजेची जी जी यंत्रं असतील ती सुरक्षित ठेवायची, जाणकार माणसाकडून वेळोवेळी तपासून घ्यायची, बिघडलेलं यंत्र ताबडतोब बंद करायचं, ही मालकाची कायदेशीर जबाबदारी. मालकांनी ती जबाबदारी एका सहीनिशी काकांच्या गळ्यात घातली आणि आपण मोकळे झालो असं समजून चालले. काकांनी मात्र ती गळ्यातच ठेवली. त्यांनी बेकरीत नियम घालून दिला: यंत्रावर काम करायचं असेल तर मेन स्विच बंद करून त्याला आपलं स्वतःचं कुलूप लावायचं. किल्ली आपल्यापाशी. आणि ज्याचं कुलूप त्यानंच काढायचं, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. म्हणून तर ते कुलूपकाका झाले. लोक हसायचे, पण लावायचे.

या वेडाला एक कारण होतं. काका शिकाऊ असताना त्यांचे उस्ताद एका यंत्रात हात घालून बसले होते आणि काका बॅटरी धरून उभे होते. शेजारच्या खोलीतल्या कुणाला तरी वाटलं, वीज गेलीय वाटतं, आणि त्याने मेन चालू केला. उस्ताद जगले. पण त्यानंतर त्यांना स्वतःच्या शर्टाची बटणं कधी लावता आली नाहीत. काकूंना हे सगळं माहीत होतं. म्हणूनच लग्न झाल्यापासून काका संध्याकाळी घरी आले की काकू आधी म्हणायच्या, "हात दाखवा." काका दोन्ही हात पुढे करायचे, काकू बघायच्या, आणि मग पाणी मिळायचं.

तर त्या दिवशी बेकरीत भल्या सकाळी मिक्सरवाला ओरडत आला. "काका, मशीन चावतंय!"

"चावतंय म्हणजे?"

"हात लावला की झिणझिण्या येतात. मी लांब उडी मारली आणि तसाच तुमच्याकडे आलो."

काका धावले. मिक्सर म्हणजे हौदाएवढं भांडं आणि त्यात गरगर फिरणारा माणसाच्या दंडाएवढा लोखंडी आकडा. आत पाव होण्यासाठी भिजवलेली कणीक मळली जात होती. काकांनी कशालाही हात न लावता आधी भिंतीवरच्या पॅनेलवरचा मेन स्विच खाली ओढला, कमरेचं लाल कुलूप काढून त्यात अडकवलं, दाबलं. कट्! हे कुलूप असं की बसायला किल्ली लागत नाही, नुसतं दाबलं की बसतं. वर त्यांनी आपल्या नावाची पाटी लटकवली: धोका, चालू करू नये.

बिघाड साधा होता. अर्थिंगची वायर सुटली होती आणि दुसरी एक वायर घासून घासून उघडी पडली होती. काकांनी दोन्ही नीट केल्या, मीटर लावून दोनदा तपासलं, समाधानाने मान डोलावली आणि पॅनेलपाशी येऊन खिशातली किल्ली कुलपात घातली.

किल्ली आत गेली. फिरेना.

काकांनी जरा जोर लावला. मग श्वास रोखून आणखी जोर लावला. तेव्हा किल्ली फिरली, पण अर्धीच. ती अर्धी तुटून काकांच्या चिमटीत राहिली, उरलेली कुलपात. सुदैवाने कुलपातला तुकडा टकटक केल्यावर खाली पडला, आणि काकांनी चष्मा लावून कुलूप उलटं करून पाहिलं. खाली नखाला लावायच्या रंगाचा एक गुलाबी ठिपका होता.

हा ठिपका काकूंनीच लावला होता. दोन सारखी कुलपं घरात आली तेव्हा. काकांच्या तोंडचं पाणी पळालं.

"काय झालं?" भट्टीवाल्याने विचारलं. भट्टीही त्याच मेनवर होती आणि हळूहळू थंड होत चालली होती.

"कुलूप माझं नाही."

"मग कुणाचं?"

काकांना खोटं बोलता येत नसे. "बायकोचं," ते म्हणाले.

ही बातमी मालकांच्या केबिनपर्यंत पोचायला जेवढा वेळ लागला, तेवढ्यात ट्रेमधले कच्चे पाव कडेपर्यंत फुगले. यीस्ट काही कुलूप-किल्ली बघत नाही. त्याचं आपलं चालूच असतं. मालक आले ते तांबडेलाल होऊनच.

"रुग्णालयाची गाडी येऊन उभी राहील आता! आजारी माणसं सकाळी काय खाणार? तुमचा नियम?"

"किल्ली बायकोकडे आहे, मालक. मी फोन करतो."

केबिनमधून फोन लावला. कामाच्या जागी मोबाइल आणायचा नाही हाही काकांचाच नियम, तेव्हा मालकांच्या समोर बसूनच बोलावं लागलं.

"अगं, तुझी किल्ली कुठाय?"

"गळ्यात. तुम्हीच सांगितलंय ना?"

"आणि कुलूप?"

"मेनवर. हे काय, स्टुलावर उभी आहे मी. तिसरा पंखा चाललाय. एवढी धूळ, एवढी धूळ, की…"

"ते कुलूप माझं आहे," काका म्हणाले. "तुझं इथे बेकरीच्या मेनवर आहे."

पलीकडे स्टूल सरकल्याचा आवाज आला. मग काकू म्हणाल्या, "म्हणजे माझ्या घराची वीज तुमच्या खिशात, आणि तुमच्या बेकरीची माझ्या गळ्यात?"

"खिशात आता अर्धीच आहे. किल्ली तुटली."

"लोका सांगे ब्रह्मज्ञान! बरं, शेजारचा स्कूटरवाला निघालाच आहे तिकडे. त्याच्या हाती पाठवते किल्ली."

"नाही!" काका खुर्चीतून उठले. "किल्ली दुसऱ्याच्या हातात द्यायची नाही. ज्याचं कुलूप त्यानंच…"

मालकांनी कपाळावर हात मारून घेतला. काकूंनीही मारला असावा, कारण फोनमधून तसा आवाज आला. "येते मी," त्या म्हणाल्या. "बसने येते. पण आज घरी या, मग बघते तुमच्याकडे."

"कटर आणा रे!" मालक बाहेर येऊन गरजले. "तोडा ते कुलूप."

कटर होता. पण तो होता स्टोअरमध्ये, आणि स्टोअरचं शटर विजेवर चालणारं. वीज त्याच मेनवरून. मिक्सरवाल्याने शटर हाताने उचलून पाहिलं, भट्टीवाल्याने त्याला हात दिला, दोघांची कंबर धरली, शटर बोटभरही वर झालं नाही. मग मालकांनी लोखंडी पहार उचलली. काका पॅनेलसमोर आडवे आले.

"मालक, विजेच्या पॅनेलवर पहार मारणं म्हणजे…"

"मग दुसरं काय करू? आरती ओवाळू?"

"शिवाय ते पहारीने तुटणार नाही. तसंच बघून घेतलं होतं मी," काका म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात नको त्या वेळी थोडा अभिमान आला.

मालकांनी पहार खाली टाकली. ते एकदम हळू बोलायला लागले, आणि त्यांचं हळू बोलणं ओरडण्यापेक्षा वाईट हे सगळ्यांना माहीत होतं. "ऐका काका. आज रुग्णालयाची गाडी रिकामी गेली, तर उद्यापासून या बेकरीत एकही कुलूप दिसणार नाही. आणि तुम्हीही नाही. सहीची जबाबदारी मी दुसऱ्याला देईन. जो चालेल म्हणतो अशाला."

काकांनी खाली पडलेली पहार उचलून भिंतीला टेकवली. नोकरी गेली तर नानांची औषधं, घर, सगळंच होतं. पण त्यांच्या डोळ्यांपुढे आलं ते उद्याचं पॅनेल, बिनकुलपाचं, आणि त्या मिक्सरमध्ये हात घालून उभा असलेला कुणीतरी. आपण घरी बसलेलो आणि इथे कुणीतरी म्हणतंय, वीज गेलीय वाटतं. चूक आपली, आणि शिक्षा त्या नियमाला. आपलेच दात आणि आपलेच ओठ, आता तक्रार कुणाकडे करणार?

तोपर्यंत बेकरीत धांदल उडाली होती. ट्रेमधले पाव एकमेकांना चिकटून एकच लांबलचक पाव झाला होता. भट्टीवाला तो सुरीने सोडवत होता आणि सोडवलेला पुन्हा चिकटत होता. मिक्सरमधली कणीक भांड्याच्या काठावर येऊन खाली डोकवायला लागली. "बाहेर जा सगळे, गाडीत रिकामी खोकी तरी भरून ठेवा," मालक सगळ्यांना म्हणाले आणि स्वतः बाह्या वर करून मैद्याच्या पोत्यांमागे कुठेतरी गेले. गाडी खरोखरच येऊन उभी राहिली होती. गाडीवाला खाली उतरायची तसदी न घेता नुसता हॉर्न वाजवत होता.

खोकी भरून कामगार आत परतले, आणि मग काकू आल्या. केसांवर पंख्याची धूळ, गळ्यात दोऱ्याला बांधलेली किल्ली. त्या कुणाशी न बोलता सरळ पॅनेलसमोर जाऊन उभ्या राहिल्या. नवऱ्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. काका मात्र त्यांच्याकडे असे बघत होते की लग्नातही त्यांनी तसं बघितलं नसेल.

"आलीस! उघड, उघड लवकर."

काकूंनी गळ्यातला दोरा काढला. किल्ली कुलपाजवळ नेली आणि थांबल्या. "सगळे मशीनच्या बाहेर आहेत का?"

"आहेत."

"मोजलेत?"

"अगं, गाडी उभी आहे बाहेर. भट्टी गार झालीय…"

"मोजलेत का?"

"चालेल गं!" काका म्हणाले. "उघड!"

भट्टीवाल्याच्या हातातला ट्रे खाली पडला. गाडीवाल्याचा हॉर्नही नेमका तेव्हाच क्षणभर थांबला. इतकी वर्षं त्या बेकरीत ज्या शब्दाला बंदी होती, तो शब्द काकांच्या तोंडून आला होता, आणि काकांनी स्वतःच तो ऐकला.

काकूंनी किल्ली मुठीत बंद केली. "मी नाही उघडणार," त्या म्हणाल्या. "कुलूप माझं आहे. माझ्या कुलपामागे कोण आहे ते बघितल्याशिवाय मी नाही काढणार. पंखा पुसायला मला एवढं ऐकवता, आणि इथे चालेल?" मग त्या कामगारांकडे वळल्या. "या रे सगळे पुढे. नीट रांगेत."

पांढरी पिठाळ माणसं एकेक करून आली. मिक्सरवाला आला, भट्टीवाला आला, खोकी भरणारे आले. "आलो सगळे, काकू," मिक्सरवाला म्हणाला.

"मालक कुठे आहेत?"

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. केबिनमध्ये असतील, कुणीतरी म्हणालं. केबिन रिकामी होती. बाहेर गाडीपाशी असतील. नव्हते. आता काका धावायला लागले. मैद्याच्या पोत्यांमागे, मिक्सरपाशी, एका उलट्या ठेवलेल्या डब्यावर दोन पाय दिसले. पायांच्या वर मालकांची पाठ दिसत होती, आणि पाठीच्या पुढचे मालक मिक्सरच्या भांड्यात होते. कणीक सांडून फुकट जाऊ नये म्हणून ते दोन्ही हात कोपरापर्यंत घालून ती खाली दाबत बसले होते. आणि दाबता दाबता कणीक आकड्याभोवती अशी काही घट्ट बसली होती की हात आता निघेनात.

"कोण आहे रे?" भांड्यातून आवाज आला. "किती हाका मारल्या मी! हा हॉर्न बंद करा आधी, कुणाला काही ऐकू येत नाही. मला ओढा."

काकांनी त्यांना ओढलं नाही. ते मिक्सरच्या कडेला लावलेल्या खटक्याकडे बघत होते. खटका वर होता. चालू. सकाळी मिक्सरवाला झिणझिण्या आल्यावर लांब उडी मारून पळाला होता, आणि काकांनी मेन बंद केला म्हणून आकडा थांबला होता, पण हा खटका तेव्हापासून तसाच वर राहिलेला. काकू तिकडे किल्ली फिरवत्या, मेन वर ओढत्या, आणि इकडे आकडा फिरायला लागता.

काकांनी खटका खाली केला. त्यांना उस्तादांची बटणं आठवली. मग ते आणि मिक्सरवाला दोघांनी मिळून मालकांना बाहेर काढलं. मालकांचे दोन्ही हात कणकेने कोपरापर्यंत गुंडाळलेले होते.

"गाडी गेली का?" मालकांनी विचारलं.

काकांनी मालकांचा खांदा धरून त्यांना वळवलं. त्यांनी खटक्याकडे बोट दाखवलं, मग आकड्याकडे, मग पॅनेलपाशी मूठ घट्ट आवळून उभ्या असलेल्या काकूंकडे. मालक एकेकाकडे बघत गेले. शेवटी त्यांनी आपल्या हातांकडे बघितलं आणि मैद्याच्या पोत्यावर हळूच बसले.

"मी चालेल म्हणालो होतो, मालक," काका म्हणाले. "खटकाही मीच बंद करायला विसरलो. तुम्ही म्हणाल तर मी आजच…"

"कोणी थांबवलं?"

"हिने."

मालक बराच वेळ कणीक सोलत बसले. मग उठले, केबिनमध्ये गेले आणि रुग्णालयाला स्वतः फोन लावला. दार उघडं होतं, सगळ्यांना ऐकू आलं. "पाव उशिरा येतील. हो, फार उशिरा. कारण? कारण मी हा फोन माझ्या हाताने धरलाय, हे कारण." पलीकडच्या माणसाला काय कळलं कुणास ठाऊक, पण त्यांनी वाट बघतो म्हणून सांगितलं.

मग काकूंनी सगळ्यांना पुन्हा एकदा रांगेत उभं केलं. मालकांनाही. नीट मोजलं, किल्ली लावली, आपलं कुलूप काढून पिशवीत टाकलं. काकांनी मेन वर ओढला. भट्टीचा दिवा लागला, पण कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सगळे मुकाट्याने कामाला लागले.

निघताना मालक दारापर्यंत आले. "वहिनी, तुमचे यजमान उद्यापासून…" एवढं बोलून थांबले. काकांनी मान खाली घातली. "उद्यापासून मला पण एक लाल कुलूप हवंय म्हणावं त्यांना. किल्ली गळ्यात घालायला दोरा कुठे मिळतो?"

"दोरा कुठलाही चालतो," काकू म्हणाल्या. "बाकी काही चालत नाही."

संध्याकाळी घरी आले तेव्हा काकांच्या हातात बेकरीतला कटर होता. किल्ली तुटलेली, तेव्हा दुसरा इलाजच नव्हता. घर अंधारात. नाना आतल्या खोलीत बसल्या जागी हातातल्या पेपरने वारा घेत होते. तीन पंखे लख्ख आणि चौथा तसाच. काका कटर घेऊन मेनपाशी गेले.

"थांबा," काकू म्हणाल्या. त्या दोन्ही हात कमरेवर ठेवून दारात उभ्या होत्या. "ते कुलूप कुणाचं?"

"माझं."

"कुलूपवाला बाहेर आहे ना? पंख्यावर नाही ना कुणी?"

"नाही," काका म्हणाले. आवाजात थट्टा नव्हती. काकूंच्याही नव्हती.

"हात दाखवा."

काकांनी कटर खाली ठेवला आणि दोन्ही हात पुढे केले. काकूंनी बॅटरी त्यांच्यावर धरली. रोज त्या एकदा बघायच्या आणि पाणी आणायला वळायच्या. आज बघतच राहिल्या. उजवा पंजा बघितला, उलटा करून बघितला, मग डावा. मग काकांच्या शर्टाचं एक बटण उघडं होतं त्याकडे त्यांचं लक्ष गेलं.

"लावा ते," त्या म्हणाल्या.

काकांनी बटण लावलं. एकदा चुकलं. दुसऱ्यांदा लागलं. काकूंनी नाक ओढलं, धुळीमुळे असेल, आणि बॅटरी मेनवर वळवली.

"हं. आता तोडा."

काकांनी कटर उचलला. तेवढ्यात आतल्या अंधारातून नानांचा आवाज आला.

"थांबा रे! मला मोजलंत का?"